कापड कापायच्या टेबलावरचा कॅरम

नातवंडांनी मला दुकानात नेलं ते माझं मत विचारायला नव्हे, भाव पाडायला. जयनगरचं मोठं दुकान, आत गारठा, भिंतीभर टीव्ही चालू. नातवाला खेळायला कॉम्प्युटर हवा होता आणि नातीला टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा.

"आजोबा, कॉम्प्युटरचा एकेक भाग पुढे बदलता येतो," नातू म्हणाला. "नवा खेळ आला की आतलं कार्ड बदलायचं, झालं."

"आणि बदलता बदलता तू खेळणार कधी?" नात म्हणाली. "डब्याला काही करावं लागत नाही. लावा आणि बसा. चौघं एकदम सोफ्यावर बसतात. तू कॉम्प्युटरपुढे बसणार, कानात ते घालून, आमच्याकडे पाठ करून."

माझ्या मुलाने शहाण्यासारखा मध्यममार्ग काढला. "कॉम्प्युटरच घेऊ. अभ्यास होईल, माझं ऑफिसचं काम होईल, उरल्या वेळात खेळ." दुकानातल्या पोराने लगेच री ओढली, "बरोबर, सर. एकात सगळं."

'एकात सगळं' ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "डबा द्या. आणि किंमत सांगताना माझ्याकडे बघून सांगा."

मुलगा म्हणाला, "अप्पा, तुम्ही? रिकाम्या रिळाचेसुद्धा दोन उपयोग शोधणारे तुम्ही?"

नातू घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. कारण सांगतो म्हटलं तर त्याने कानात ते घातलं. म्हणून लिहून ठेवतो आहे. कधीतरी वाचेल.

आमचं घराणं बंगळुरात किती पिढ्यांपासून आहे ते माझ्या वडिलांनाही सांगता येत नसे. घरात मराठी बोलायचो, पण तिच्यात कन्नडातलं 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' मिठासारखे मिसळलेले. वडील गेले तेव्हा हातात काही नव्हतं. मी खांद्यावर कापडाचं गाठोडं टाकून दारोदार फिरलो, ब्लाऊजपीस आणि अस्तर विकलं, आणि पन्नासच्या दशकाच्या शेवटी राजाजीनगरात एक गाळा धरला. तेव्हा तिकडे नुसती लाल माती होती. आखलेले प्लॉट, त्यांच्या कोपऱ्यांवर पुरलेले दगड, अर्धवट भिंती आणि कारखान्यांचे भोंगे. पुढे दुकान, मागे दीड खोली. कोणी एक पैशाची मदत केली नाही. माझ्या जिभेने आणि माझ्या रागाने मी ते दुकान उभं केलं. घाऊक बाजारातले व्यापारी मला लांबून येताना पाहिलं की भाव आधीच थोडा चढवून ठेवत, इतकं माझं नाव झालं होतं.

एकोणीसशे साठच्या सुमाराला माझं लग्न झालं. मुलगी पुण्याकडची. आईवडील नव्हते. मोठा भाऊ सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून इथे आला, त्याच्याबरोबर तीही आली. आमच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी जमवून दिलं. लग्नाच्या पंगतीत मी वाढपाला हात लावत होतो तेव्हा हा मेहुणा त्याच्या कारखान्यातल्या मित्राला सांगत होता, "काय करणार, इंजिनियर बघत होतो. दुकानदारावर भागवलं."

भागवलं! जिलबीचं ताट माझ्या हातात होतं. मी त्याच्या पानात जिलबी वाढली आणि पुढे गेलो. पण ते वाक्य मी विसरलेलो नाही, आणि आज या वयातही विसरायचा माझा विचार नाही.

बायको मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडली. तिला माझ्या मराठीचं हसू यायचं.

"अहो, स्वल्प म्हणजे नक्की किती?"

"स्वल्प म्हणजे स्वल्प. थोडंसं."

"मग थोडंसं म्हणा ना."

"म्हटलं असतं, पण गिऱ्हाईक निघून जातं तोवर."

असं काहीतरी चाललेलं असायचं. पण तिचं खरं हसणं मला माझ्या घरात ऐकू आलं नव्हतं. ते मी मेहुण्याच्या क्वार्टरमध्ये ऐकलं.

रविवारी आम्ही दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याच्याकडे जायचो. तिथे स्टुलावर कॅरम मांडलेला असायचा. कॅरम त्यांच्या वडिलांचा, पुण्याहून आणलेला, कडा तेलकट काळ्या पडलेल्या. कारखान्यातली दोघंतिघं मराठी मंडळी जमायची, आणि माझी ही शांत बायको पदर खोचून बसायची आणि सगळ्यांना रडवायची. तिचं बोट लांब नव्हतं, जोरही नव्हता. पण सोंगटी जिथे जायला हवी तिथेच जायची. राणी घेतली की ती मान मागे टाकून हसायची. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून ते ऐकायचो. परत येताना बसमध्ये ती बोलायची, मग स्वल्प बोलायची, आणि राजाजीनगर आलं की गप्प व्हायची. दुकानाच्या फळ्या काढताना माझ्या मनात यायचं की हिला मी घरी आणलं आहे, पण ती अजून पूर्ण आलेली नाही.

एका रविवारी मेहुणा मला म्हणाला, "काय शेटजी, एक डाव होऊन जाऊ दे. की यात नफा नाही म्हणून नको?"

सगळे हसले. मला कॅरम येत नव्हता. लहानपणी माझ्या हातात गाठोडं होतं, स्ट्रायकर नव्हता. मी उठलो आणि चपला घातल्या. बायकोला डाव अर्धा सोडून माझ्या मागे यावं लागलं.

बसमध्ये मी म्हटलं, "पुन्हा मी त्या घरी येणार नाही. तुला जायचं तर जा."

ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "राणीला कव्हर मिळणार होतं हो. एका सोंगटीचं काम होतं."

ती त्यानंतर एखाददुसऱ्या वेळी एकटी गेली. मग जाईनाशी झाली. नवऱ्याला घरी ठेवून खेळायला जाणं तिला बरं वाटेना.

मी ठरवलं, तिला त्या घरात जायलाच लागू नये. कॅरम माझ्या घरात आणायचा.

सिटी मार्केटच्या मागे एका गल्लीत एक मेस्त्री टेबलं, खुर्च्या, देव्हारे बनवायचा. मी त्याच्याकडे कॅरम मागितला. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या कानामागचा खडू पाहिला आणि विचारलं, "अण्णा, कापडाचं दुकान?"

"हो. त्याचं काय?"

"मग नुसता कॅरम कशाला? रिकामा पडून राहील. हे बघा."

त्याने एका लांब टेबलावरची पोती बाजूला केली. वर सपाट, घोटलेली फळी. ती आम्ही दोघांनी मिळून उचलली आणि खाली मधोमध कॅरम बसवलेला, चार भोकं, जाळ्या, सगळं. "फळी ठेवली की कापड कापा. जेवा. इस्त्री करा. फळी काढली की खेळा. जागा एकच, लाकूड एकच."

जयनगरातला पोरगा त्या दिवशी कॉम्प्युटरबद्दल जे म्हणाला तेच हा मेस्त्री तेव्हा म्हणाला होता. आणि मला ते इतकं पटलं की मी पटल्याचं तोंडावर दिसू न देण्यासाठी भांडायला सुरुवात केली.

"हे सागवान?"

"सागवानच."

"आणि हे पाय? ते पण सागवान की सागवानाचे चुलतभाऊ?"

"अण्णा, बसा, चहा घ्या."

"चहाचे पैसे टेबलात लावणार ना? नको."

मी निघून गेलो, तो मागे आला. तो निघून गेला, मी मागे गेलो. शेवटी खालचा ड्रॉवर, सोंगट्या, स्ट्रायकर आणि बोरिक पावडरचा डबा त्याच भावात पदरात पाडून घेतला. मेस्त्री हात जोडून म्हणाला, "सरी, अण्णा. पुन्हा येऊ नका." यापेक्षा मोठी शाबासकी मला कुणी दिलेली नाही. हातगाडीवर टेबल टाकून मी तिच्या बाजूने चालत राजाजीनगरला आलो, वरातीत चालावं तसा.

टेबल मागच्या खोलीत मावेना म्हणून दुकानातच ठेवलं. बायको त्याच्या कडेवरून हात फिरवत राहिली. "माझ्यासाठी?"

"आपल्यासाठी," मी म्हटलं. "कापडही कापता येईल."

त्या संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावून आम्ही एक डाव खेळलो. म्हणजे ती खेळली, मी सोंगट्या गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी एक बाई काळं अस्तर घेऊन परत आली. अस्तरावर पांढरे डाग. "अक्का, हे कापड मैद्यात ठेवलं होतं काय?" ती माझ्या बायकोला विचारत होती. पावडर फळीच्या फटीतून वर आली होती. मी बायकोला काही बोललो नाही, पण त्या दिवशी फळी पुसून पुसून घट्ट बसवली.

टेबल म्हणून ते टेबल उत्तम होतं, हे मी आजही सांगतो. त्याच्यावर कापड सरळ कापलं जायचं, ताग्याची घडी नीट पडायची. मग त्यावर तागे ठेवले जाऊ लागले. कात्री, गज, खडू. साडीला फॉल लावून द्यायचं काम आलं, ते बायकोने घेतलं, त्या साड्यांची चळत त्यावर. खेळायचं म्हटलं की तागे उतरवा, साड्या उतरवा, फळी दोघांनी उचला, ती ठेवायला जागा शोधा. तोवर कुणीतरी येऊन विचारायचं, "गुलाबीत हीच छटा आहे का?" की फळी परत खाली. आज नको, उद्या. उद्या माल येणार आहे. पुढच्या आठवड्यात सण आहे. सोंगट्यांच्या ड्रॉवरमध्ये सुया आणि हुक गेले. मी तिला खेळू नको असं कधीच म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. ज्या लाकडावर काम पसरलेलं आहे त्या लाकडावर खेळायला माणसाचा हात जात नाही.

आणि तिने कधी मागितलं नाही. ती फॉल लावायची, इतका सुंदर की मल्लेश्वरमहून बायका यायच्या. धंदा वाढला. मी खूश होतो.

एक दिवस दुपारी मी बाजारातून लवकर परत आलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती माझ्याकडे पाठ करून टेबलाशी बसली होती. ताग्यांच्या दोन चळतींच्या मधे वीतभर जागा उरली होती. तिथे तिने काळी आणि पांढरी बटणं मांडली होती, शर्टाची. बोटाने एक बटण उडवायची, ते दुसऱ्यावर आपटायचं आणि दुसरं बरोबर फळीच्या कोपऱ्याकडे जायचं. कोपऱ्यात तिने शिवताना बोटात घालायचं टोपण आडवं ठेवलं होतं. त्याला बटण लागलं की टिक् असा आवाज व्हायचा. ती हसत नव्हती. अगदी मन लावून, श्वास रोखून खेळत होती.

माझ्या चपलेचा आवाज झाला. तिने हाताच्या एका फटक्यात सगळी बटणं डब्यात ओढली.

"काही नाही. बटणं निवडत होते."

मी जगाशी आरडाओरडा करणारा माणूस. बसवाला, कोळसेवाला, विजेचं बिल आणणारा, सगळे माझ्या आवाजाला ओळखतात. त्या दुपारी मात्र मी चपला हळूच बाहेर काढल्या. मी समोर स्टूल ओढून बसलो.

"टेबल काढू का मोकळं? आत्ता काढतो. फळी उचलू."

"नको. ते तुमचं टेबल आहे. चांगलं आहे."

"मग तुला काय हवंय?"

तिने डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, "मला ना, दुसऱ्या कशाच्याच उपयोगाची नाही अशी एक वस्तू हवी आहे. जिच्यावर तुम्हाला कापड ठेवावंसं वाटणारच नाही."

"असली वस्तू दुकानदार विकत घेतो का कधी?"

"दुकानदार नाही घेत," ती म्हणाली. "नवरा घेतो."

मी नवा कॅरम आणू शकलो असतो. त्या मेस्त्रीने मला पाहून दार लावून घेतलं असतं, पण शहरात दुसरे मेस्त्री होते. मी म्हटलंही, "उद्याच आणतो." ती म्हणाली, "आणा." पण तिचा तो 'आणा' मी ऐकला. गिऱ्हाईकाला हिरवा हवा असतो आणि आपण पोपटी दाखवतो तेव्हा ते असंच म्हणतं, हाही चांगला आहे. तिला कुठला हवा होता ते मला ठाऊक होतं. तिच्या वडिलांचा, तेलकट कडांचा. आणि तो माझ्या वैऱ्याच्या घरात होता.

रविवारी सकाळी मी दोन बस बदलून एकटा गेलो. मेहुणा बनियनवर दार उघडायला आला. खोलीत त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. स्टुलावर वर्तमानपत्रं साठलेली. कॅरम कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवलेला, जुन्या लुगड्याच्या कापडाची शिवलेली खोळ घातलेला.

"शेटजी! आज इकडे? काय, सेल लागलाय?"

मी राग गिळला. गरम चहासारखा गिळावा लागला. "कॅरम न्यायला आलोय. तिच्यासाठी."

"तुमच्याकडे टेबल आहे ना? तिनेच पत्रात लिहिलं होतं, फार कौतुक करून. एकात सगळं."

"ते कापडाला बरं आहे," मी म्हटलं.

मला वाटलं आता टोमणा येणार, आणि आला तर मी तसाच परत जाणार होतो. तो कपाटाकडे गेला आणि त्याने कॅरम बाहेर ओढला. खोळीवरची धूळ हाताने झाडली.

"तिचाच आहे. लग्नात द्यायचा होता. तुम्ही म्हणाल, इंजिनियरने बहिणीला लाकूड दिलं, म्हणून ठेवून घेतला." मग म्हणाला, "आणि ती येत होती तोवर बरंही होतं. आता इथे कोणी खेळत नाही. ती मंडळी तिच्याशी हरायला यायची, माझ्याशी जिंकायला कोण येणार?"

मी कॅरमला हात लावला. त्याने सोडला नाही.

"एक अट आहे. मी पण येणार. दर रविवारी."

"महिन्यातून एकदा," मी म्हटलं. तोंडातून आपोआप गेलं.

"दर रविवारी."

"एक आड एक. वर जेवण."

"मग ठेवा खाली."

"सरी," मी म्हटलं. "दर रविवारी."

समोरच्याने सांगितलेल्या भावात मी केलेला तो पहिला सौदा. त्याने इतक्या घाईने शर्ट चढवला की गुंड्या वरखाली लागल्या.

बसमध्ये कॅरम आमच्या दोघांच्या मधे उभा धरला होता. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट घ्या. मी म्हटलं, हे सामान नाही, खेळ आहे. कंडक्टर म्हणाला, मांडीवर मावत नाही ते सगळं सामान. मी आवाज चढवला. आणि काय आश्चर्य, मेहुणाही उठला आणि आपल्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये माझ्या बाजूने भांडू लागला. त्याला क्रियापदं येत नव्हती, पण राग चांगला होता. शेवटी कंडक्टर कंटाळून पुढे गेला. आम्ही दोघं खाली बसलो. मला वाटलं, आता तरी हा पंगतीतल्या त्या वाक्याबद्दल काही बोलेल. नाही बोलला. पुढे कितीतरी वर्षं रविवारी जेवून गेला, माझ्या मुलांना गणित शिकवून गेला, पण त्या वाक्याबद्दल कधी बोलला नाही. हे मी मांडून ठेवलंय.

दुकानात शिरलो तेव्हा ती एका साडीच्या कडेचा दोरा दाताने तोडत होती. खोळ पाहिली आणि तिच्या हातातली साडी गळून पडली. तिने पुढे येऊन खोळीच्या शिवणीवर बोट फिरवलं, ती तिच्या आईने घातलेली शिवण होती.

"कुठे मांडायचा?" मेहुण्याने विचारलं आणि आम्हा तिघांचंही लक्ष त्या लांब, सपाट, मजबूत टेबलाकडे गेलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"खाली," मी म्हटलं. "मागच्या खोलीत. तिथेच राहील तो. त्याच्यावर कुणी काही ठेवायचं नाही."

आम्ही चटईवर बसलो. पावडर उडाली तरी तिथे काळं अस्तर नव्हतं. पुढे दुकानाच्या फळीवर कुणीतरी ठोठावलं आणि फॉल झाला का म्हणून विचारलं. मी बसल्या जागेवरून "अंगडी मुच्चिदे!" म्हणून ओरडलो. दुकान बंद आहे हे वाक्य भर दिवसा उच्चारायची माझ्या जिभेला सवय नव्हती. बाहेरची बाई बहुधा घाबरून गेली असावी, कारण पुन्हा ठोठावलं नाही.

बायकोने स्ट्रायकर माझ्या हातात दिला. माझं बोट धरून वाकवलं. "असं. मनगट टेकवा. ढकलायचं नाही, सोडायचं." मी सोडला. स्ट्रायकर एकाही सोंगटीला न लागता सरळ समोरच्या भोकात गेला.

"फाऊल!" मेहुणा ओरडला. "एक सोंगटी परत ठेवा. आणि आता पाळी माझी."

"माझ्याकडे सोंगटीच कुठे आहे परत ठेवायला?" मीही ओरडलो.

ती मान मागे टाकून हसली. माझ्या दीड खोलीत, माझ्या छपराखाली. तिने भोकातून स्ट्रायकर काढला आणि पुन्हा माझ्या हातात ठेवला.

"हे काय? असं चालत नाही," मेहुणा म्हणाला. "नियम आहे."

"दादा," ती म्हणाली, "आमच्याकडे चालतं."